महिलांच्या बास्केटबॉलमध्ये रिंग खाली नसते

‘व्यावसायिक महिला संघांच्या सामन्यात रिंग खाली लावतात’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं नाही. जमिनीपासून रिंगच्या वरच्या कडेपर्यंतची उंची पुरुषांना आणि महिलांना सारखीच: ३.०५ मीटर, म्हणजे १० फूट. दोघांचेही सामने होतात अशा कोर्टवर टेप धरून कुणालाही मोजता येईल.

समज होण्याला कारण आहे. चेंडू खरोखरच वेगळा असतो. महिलांचा ६ नंबरचा, परीघ सुमारे ७२ सेंमी. पुरुषांचा ७ नंबरचा, सुमारे ७५. हा नंबर बहुतेक चेंडूंवरच छापलेला असतो. रिंग २.६० मीटरवर येते ती लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये. महिला खेळाडूंनी सामन्यांत डंक (उंच उडी घेऊन चेंडू हातानेच वरून रिंगमध्ये घालणं) मारलेत ते त्याच दहा फुटी रिंगवर. त्यांचं हे श्रेय अशा मेसेजमुळे झाकलं जातं, म्हणून हा खुलासा.