चोवीस बाइटांवर किती विश्वास ठेवायचा?

बिटकॉइनचा नोड, म्हणजे व्यवहार तपासून पुढे पोचवणारा प्रोग्रॅम, सुरू झाला की काही सेकंदांतच तो जगाच्या पाठीवरच्या कुठल्या तरी अनोळखी संगणकाशी बोलू लागतो. मध्ये ना सर्व्हर, ना पासवर्ड, ना कुणाची शिफारस. समोरचा खरं बोलतोय की थापा मारतोय, हे त्याने पाठवलेल्या बाइटांवरूनच ठरवायचं असतं. हा संवाद सांभाळणारा कोड रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायला घेतला, तर समोरच्या नोडशी पहिला ‘रामराम’ एका शनिवार-रविवारात होऊन जातो. खरं काम पुढे आहे: तोच कोड शंभर अनोळखी नोड्ससमोर महिनाभर उभा राहिला पाहिजे.

रस्टची निवड समजण्यासारखी आहे. मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणं, रांगेच्या टोकापलीकडचं वाचणं, दोन थ्रेडनी एकाच वेळी एकाच जागी लिहिणं, या चुका कंपायलर (कोड तपासून यंत्रभाषेत बदलणारा प्रोग्रॅम) तरी अडवतो किंवा प्रोग्रॅम तिथेच थांबवतो. झीकॅश या दुसऱ्या डिजिटल चलनाच्या फाउंडेशनचा झेब्रा हा नोड रस्टमध्येच लिहिलेला आहे, आणि झीकॅशचं नेटवर्क मुळात बिटकॉइनच्या नेटवर्कवरूनच बेतलेलं आहे. पण रस्ट मेमरीची चूक पकडतो, भोळेपणा पकडत नाही. समोरच्याने सांगितलेला आकडा तुम्ही तसाच खरा मानलात, तर कंपायलर मुकाट्याने मान डोलावतो.

सुरुवात संदेशाच्या डोक्यापासून करू. बिटकॉइनच्या मूळ पद्धतीत प्रत्येक संदेशाआधी २४ बाइटांचं हेडर येतं. पहिले ४ बाइट म्हणजे नेटवर्कची खूण. मुख्य नेटवर्कसाठी ती दशमान आकड्यांत २४९, १९०, १८०, २१७ अशी आहे. मग १२ बाइटांत संदेशाचं नाव आणि उरलेल्या जागेत शून्यं. पुढच्या ४ बाइटांत मजकुराची लांबी. शेवटचे ४ बाइट चेकसमचे, म्हणजे मजकूर वाटेत बिघडला नाही ना हे पाहण्याचे: मजकुरावर शा-२५६ हे हॅशचं गणित दोनदा चालवायचं आणि निकालातले पहिले चार बाइट घ्यायचे. मजकूर रिकामा असेल तर चेकसम ९३, २४६, २२४, २२६ येतो. हा आकडा पहिल्याच चाचणीत घालून ठेवावा, म्हणजे हॅशचा घोळ तिथेच कळतो.

आकडे लिटल एंडियन पद्धतीने येतात, म्हणजे कमी किमतीचा बाइट आधी. अपवाद पोर्टचा, म्हणजे संगणकावरच्या दाराच्या क्रमांकाचा. तो उलट, मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवून लिहिलेला असतो. बिटकॉइनचा नेहमीचा पोर्ट ८३३३ तारेवर ३२, १४१ असा दिसतो. तो बाकीच्यांसारखाच वाचला तर ३६१२८ मिळतो. असे पत्ते वहीत साठत जातात, एकही कनेक्शन लागत नाही, आणि दोष बिचाऱ्या राउटरला दिला जातो. लॉगमध्ये ३६१२८ दिसला तर राउटर नीट आहे, फंक्शन चुकलंय.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे टीसीपीला, इंटरनेटवर बाइट पोचवणाऱ्या पद्धतीला, टपालखातं समजणं. टीसीपी पाकिटं पोचवत नाही, ती पाण्याची धार आहे. एका वाचनात अर्धं हेडर येईल किंवा अडीच संदेशही येतील. घरातल्या दोन संगणकांमध्ये संदेश बहुधा अखंड येतात, म्हणून ही चूक दूरच्या नोडशी जोडेपर्यंत लपून राहते. शिवाय वाचनातून शून्य बाइट आले, तर त्याचा अर्थ समोरच्याने लेखन बंद केलं असा असतो. तो न तपासता लूप फिरत ठेवला की प्रोसेसरचा एक कोअर शंभर टक्क्यांवर जाऊन बसतो.

आता त्या लांबीच्या चार बाइटांकडे या. त्यांत ४,२९,४९,६७,२९५ इतका मोठा आकडा मावतो. समोरच्याने नेमका तोच लिहिला आणि तुम्ही लगेच तेवढा व्हेक्टर, म्हणजे मेमरीतली सलग रांग, मागितलात, तर त्याने खर्च केले २४ बाइट आणि तुमच्याकडून मागवली चार जीबी जागा. बिटकॉइन कोअर या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या नोडमध्ये (पुढे नुसतं कोअर) ही मर्यादा ४०,००,००० बाइट आहे. तपासणीचा क्रम असा: आधी खूण, मग लांबी, त्यानंतरच जागा.

संदेशाच्या पोटातही आकडे असतातच. ‘इन्व्ह’ म्हणजे ‘माझ्याकडे एवढे व्यवहार आणि ब्लॉक आहेत’ अशी यादी. तिच्या सुरुवातीला नोंदींची संख्या असते. २५२पर्यंतची संख्या एका बाइटात येते. पहिला बाइट २५३, २५४ किंवा २५५ असेल तर अनुक्रमे पुढच्या २, ४ किंवा ८ बाइटांत ती सापडते. आठ बाइटांची संख्या घेऊन थेट जागा राखणाऱ्या ‘विथ कपॅसिटी’ला हाक मारली तर दोन गोष्टी घडू शकतात. आकडा अवाढव्य असेल तर पॅनिक होतं, म्हणजे चालू काम जागीच कोसळतं. ते निदान त्या एका टास्कपुरतं, म्हणजे एका कनेक्शनच्या कामापुरतं राहतं. आकडा त्याहून थोडा लहान पण तरीही मेमरीत न मावणारा असेल, तर जागा मिळत नाही आणि रस्ट संपूर्ण प्रोग्रॅमच बंद करतो. हा दुसरा प्रकार कुठल्याही एरर हँडलिंगमध्ये सापडत नाही. म्हणून प्रत्येक प्रकाराला आपली मर्यादा हवी. ‘इन्व्ह’मध्ये जास्तीत जास्त ५०,००० नोंदी, प्रत्येकी ३६ बाइट, म्हणजे संख्येचे ३ बाइट धरून १८,००,००३ बाइटांपलीकडचं काही वाचायचंच नाही. जुन्या ‘अ‍ॅड्र’ संदेशात १,००० पत्ते, प्रत्येकी ३० बाइट.

कनेक्शन लागल्यावर ज्याने फोन केला तो ‘व्हर्जन’ पाठवतो, समोरचा आपलं ‘व्हर्जन’ पाठवतो, मग दोघे ‘व्हरॅक’ म्हणजे पोच देतात. ‘व्हर्जन’मध्ये एक यादृच्छिक आकडा असतो. तोच आकडा आत येणाऱ्या कनेक्शनवर दिसला तर नोडने स्वतःलाच फोन लावलाय, ठेवून द्या. नव्या प्रकारचे पत्ते हवे असल्याचं सांगणारा ‘सेंडअ‍ॅड्रव्ही२’ पोच देण्याआधीच पाठवावा लागतो. उशिरा पाठवला तर बिटकॉइन कोअर कनेक्शन तोडतो, आणि आपल्या बाजूला कारण कळत नाही. या सगळ्या सोपस्काराला कोअर ६० सेकंद देतो. आपणही द्यावेत, पण घड्याळ पूर्ण हँडशेकला लावावं. ते प्रत्येक वाचनाला लावलं तर मिनिटाला एक बाइट सोडणारा पीअर, म्हणजे जोडलेला समोरचा नोड, जागा अडवून निवांत बसतो.

इथे रस्टच्या ‘मॅच’ची, म्हणजे प्रत्येक शक्यता हाताळायला लावण्याची, शिस्त थोडी आडवी येते. ओळखीच्या संदेशांचा इनम (ठरावीक पर्यायांचा प्रकार) केला आणि बाकी सगळ्यांना एरर ठरवलं, तर पोच झाल्याझाल्या ‘सेंडसीएमपीसीटी’ किंवा ‘फीफिल्टर’ येतो आणि आपला नोड रागावून निघून जातो. अनोळखी नावाचा संदेश चेकसम तपासून शांतपणे टाकून द्यायचा. नेटवर्कमध्ये नव्या सोयी अशाच तर येत गेल्या.

सगळ्यांत जास्त वेळ खाणारी चूक टोकिओ वापरताना होते. टोकिओ म्हणजे एकाच वेळी शेकडो कनेक्शनं थोड्या थ्रेडवर चालवणारी रस्टची लायब्ररी. प्रत्येक पीअरच्या टास्कमध्ये ‘सिलेक्ट’ मॅक्रो (दोन कामांपैकी जे आधी होईल ते घेणारा) लिहायचा मोह होतो: एका फांदीवर पुढच्या संदेशाचं वाचन, दुसऱ्या फांदीवर दर २ मिनिटांनी ‘पिंग’, म्हणजे ‘आहेस ना?’ असा प्रश्न, पाठवणारं घड्याळ. दिसायला नेटकं. पण एक फांदी जिंकली की मॅक्रो दुसरी तोडून फेकतो. ठरावीक बाइट पुरे होईपर्यंत वाचणाऱ्या ‘रीड एक्झॅक्ट’ने मोठ्या ब्लॉकचे लाखभर बाइट वाचलेले असताना घड्याळ वाजलं, तर ते लाखभर बाइट हरवले. पुढचं वाचन ब्लॉकच्या मधूनच सुरू होतं, तिथे खूण सापडत नाही, आणि आपण समोरच्याला ‘चुकीची खूण पाठवतो’ म्हणून हाकलतो. लहान संदेशांत हे क्वचितच होतं. ब्लॉक उतरवताना मात्र कनेक्शनं तुटतात, आणि तुटण्याच्या वेळा पाहिल्या तर ‘पिंग’च्या वेळांशी जुळतात. उपाय दोन आहेत. वाचनाची बाजू वेगळ्या टास्ककडे द्यावी आणि तिथे ‘सिलेक्ट’ ठेवूच नये. किंवा टोकिओच्या कोडेक पद्धतीने वाचावं. तिथे अर्धे आलेले बाइट बफरमध्ये टिकून राहतात.

मग येतो सामायिक माहितीचा प्रश्न. म्युटेक्स म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप. साध्या म्युटेक्सचं कुलूप हातात धरून ‘अवेट’ केलं, म्हणजे दुसरं काम संपायची वाट पाहिली, तर टास्क सुरू करतानाच कंपायलर अडवतो. यावर झटपट सुचणारा उपाय म्हणजे टोकिओचा म्युटेक्स लावणं. कोड कंपाइल होतो, पण आता एका मंद पीअरला लिहिणं संपेपर्यंत बाकी सगळे कुलपाबाहेर रांगेत. कंपायलरची ती तक्रार मोलाची होती, तिचं तोंड बंद करायला नको होतं. कुलूप घ्या, हवं ते कॉपी करा, कुलूप सोडा, मग ‘अवेट’.

टास्कमधल्या चॅनेललाही, म्हणजे एका टास्ककडून दुसऱ्याकडे निरोप नेणाऱ्या रांगेलाही, मर्यादा हवीच. ६४ संदेशांची रांग चालू शकते. मात्र मुख्य टास्क पीअरची रांग रिकामी व्हायची वाट पाहतोय आणि पीअर मुख्य टास्कची, असं झालं की दोघे एकमेकांकडे बघत थिजतात. त्यामुळे मुख्य टास्कने वाट न पाहणारं ‘ट्राय सेंड’ वापरावं. रांग भरलेली असेल तर तो पीअर सोडून द्यावा. जगात नोड्स पुष्कळ आहेत.

अमर्याद रांग काय करते, याचं उदाहरण नोंदलेलं आहे. २०१८मध्ये सापडलेल्या आणि २०२०मध्ये जाहीर झालेल्या ‘इन्व्हडॉस’ त्रुटीत ‘इन्व्ह’च्या नोंदी साठत राहून नोडची मेमरी संपायची. बिटकॉइन कोअरच्या ०.१६.० आणि ०.१६.१ या आवृत्त्या त्यात सापडल्या, ०.१६.२मध्ये दुरुस्ती झाली. पण गोमधला बीटीसीडी आणि जावास्क्रिप्टमधला बीकॉइन हेही त्याच दगडाला ठेचकाळले. दोन्ही भाषा मेमरी स्वतः सांभाळतात. रस्टमध्ये लिहिलं असतं तरी निकाल तोच लागला असता. एका बाबतीत मात्र रस्ट न मागता मदत करतो: त्याचा हॅशमॅप (नोंदी कप्प्यांत ठेवणारा तक्ता) दर वेळी यादृच्छिक किल्लीने हॅश करतो, त्यामुळे मुद्दाम एकाच कप्प्यात पडतील अशा नोंदी बाहेरून पाठवणं अवघड जातं. वेगासाठी तो बदलून साधा हॅश बसवताना तक्त्यात जाणाऱ्या नोंदी कुणाच्या हातच्या आहेत ते बघा.

कुणाशी जोडायचं, हाही सुरक्षेचाच भाग. बॉस्टन विद्यापीठ आणि हिब्रू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५मध्ये ‘एक्लिप्स’ हल्ला मांडला: नोडची सगळी कनेक्शनं हल्लेखोराने बळकावली की नोडला तो दाखवेल तेवढंच जग दिसतं. म्हणून आपण निवडलेले पीअर एकाच गल्लीतले नकोत. साध्या आयपी पत्त्याचे पहिले दोन आकडे सारखे असलेल्या गटातून कोअर बाहेर जाणारं एकच कनेक्शन धरतो. अशी नेहमीची कनेक्शनं ८, शिवाय फक्त ब्लॉकसाठीची २.

ब्लॉक उतरवण्याआधी ब्लॉकांच्या हेडरची साखळी घ्यावी. हे हेडर संदेशाच्या २४ बाइटांच्या हेडरहून वेगळं, प्रत्येक ब्लॉकच्या सुरुवातीचं. एका उत्तरात २,००० हेडर येतात. एप्रिल २०२४मध्ये साखळी ८,४०,००० उंचीवर, म्हणजे तेवढ्या क्रमांकाच्या ब्लॉकवर, पोचली. तिथवर यायला ४२० फेऱ्या आणि हेडरचे ६ कोटी ७२ लाख बाइट. हेडर ८० बाइटांचं, पण या संदेशात प्रत्येकामागे व्यवहारसंख्येचा एक शून्य बाइट असतो. तो विसरला तर पहिलं हेडर नीट वाचलं जातं आणि दुसऱ्यापासून मागच्या ब्लॉकचा हॅश जुळत नाही. पहिलं बरोबर, दुसरं चूक, असं दिसलं की आधी हाच बाइट शोधा.

चाचणीसाठी मुख्य नेटवर्कला हात लावू नका. बिटकॉइन कोअर रेगटेस्टमध्ये, म्हणजे आपल्यापुरत्या खासगी चाचणी नेटवर्कवर, चालवा. पोर्ट १८४४४, खूण २५०, १९१, १८१, २१८. तिथे ब्लॉक हुकमी बनवता येतात. त्याहून आधी टोकिओची ‘डुप्लेक्स’ नळी (नेटवर्कऐवजी मेमरीतच बाइट नेणारी) घ्या आणि तिचा बफर एक बाइटाचा ठेवा. प्रत्येक संदेश थेंबाथेंबाने येतो आणि धार-पाकीट घोळ काही मिलिसेकंदांत उघडा पडतो. टोकिओचं घड्याळ चाचणीत थांबवून पुढे ढकलता येतं, त्यामुळे २० मिनिटं ‘पाँग’, म्हणजे ‘पिंग’चं उत्तर, न आल्याची अवस्था क्षणात तपासता येते. वाचणाऱ्या फंक्शनवर कार्गो-फझ, म्हणजे वेडेवाकडे बाइट मारून पाहणारं साधन, रात्रभर सोडा. सुरुवातीच्या नमुन्यांत खोट्या लांबीचं हेडर, पाच ऐवजी नऊ बाइटांत लिहिलेली संख्या आणि मधेच तुटलेला ‘व्हर्जन’ हे तीन असू द्या.

२०२४च्या २७.० आवृत्तीपासून कोअरमध्ये संदेश गुप्त करून पाठवणारी नवी पद्धत आपोआप चालू असते. तिच्यात २४ बाइटांचं हेडर नाही. लांबी ३ बाइटांत, तीही गुप्त केलेली. जुन्या पद्धतीने बोलणाऱ्याला कोअर अजूनही उत्तर देतो: आलेले पहिले १६ बाइट खूण आणि ‘व्हर्जन’ या नावाशी जुळले तर तो जुन्या पद्धतीकडे वळतो. तीन बाइटांत १,६७,७७,२१५पर्यंतची लांबी मावते, आणि ती उलगडल्यावरही जागा मागण्याआधीची तपासणी तिथेच, त्याच क्रमाने करावी लागते.