थर जुळतात म्हणून भ्रंश नाही?

जमीन जराशी हादरली की रस्त्यावरच्या भेगेचे फोटो फिरू लागतात : ‘इथूनच फॉल्ट गेलाय!’ घाटातली अशी भेग बहुधा पावसाने खचलेल्या उताराची असते. ती कमानीसारखी वाकते आणि तिचा भूगर्भातल्या भ्रंशाशी (म्हणजे फॉल्टशी) संबंध नसतो.

खडकातली प्रत्येक चीरही भ्रंश नव्हे. लाव्हा निवताना आकसतो, खांबांसारखे सांधे पडतात. पण दोन्ही बाजू जागेवरच राहतात. भ्रंशात त्या एकमेकींना घासत सरकलेल्या असतात.

सह्याद्रीत फसगत होते ती इथे. दख्खनचे लाव्हाथर जवळपास आडवे आहेत. खडक वरखाली सरकला तर दोन लाव्हाथरांमधला बोलचा, म्हणजे लाल मातकट, थर तुटलेला दिसतो. आडवा सरकला तर तोच थर दोन्हीकडे एकाच पातळीत येतो आणि कडा अखंड वाटतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा ६.३ तीव्रतेचा भूकंप अशाच आडव्या सरकण्याचा होता : भ्रंशाच्या अलीकडे उभं राहिल्यास पलीकडची बाजू डावीकडे गेलेली.

अशा वेळी उभी डाइक, म्हणजे भेगेत लाव्हा गोठून झालेली भिंत, तुटलेली सापडली तर उत्तम. नाहीतर भ्रंशतल, म्हणजे खडक ज्यावरून सरकला ते पृष्ठच, वाचावं लागतं. त्यावर सरकण्याच्या दिशेने समांतर ओरखडे असतात. खडक सरकताना उंचवट्यांच्या आडोशाला फटी उघडतात, त्यांत कॅल्साइट किंवा क्वार्ट्झचे तंतू वाढतात आणि त्यांच्या टोकांना बारीक पायऱ्या तयार होतात. ओरखड्यांवरून तळहात दोन्हीकडे फिरवा. ज्या दिशेने तो पायऱ्या उतरत सहज जातो, त्या दिशेला समोरचा, आता झिजून गेलेला खडक सरकला होता. उलट फिरवला की पायऱ्या बोचतात. मात्र ही खूण खनिजतंतू असतील तरच धरावी. नुसत्या घासलेल्या खडकावरच्या पायऱ्या उलट्या तोंडाच्याही असू शकतात.

मग भ्रंशतलाचा नतिलंब (त्यावरच्या आडव्या रेषेची दिशा) आणि नती (त्याचा उतार) मोजायची, आणि त्याच पृष्ठावर कोनमापक ठेवून आडव्या रेषेपासून ओरखड्यांचा कोन. तो ० अंशाजवळ असेल तर हालचाल आडवी, ९० जवळ असेल तर वरखाली. बेसाल्टमधल्या (दख्खनच्या लाव्हाच्या खडकातल्या) मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळे होकायंत्राची सुई भरकटते. वीज पडलेल्या माथ्यांवर तर फारच. म्हणून होकायंत्र खडकाला टेकवू नये. चार पावलं मागे येऊन भ्रंशरेषेच्या रोखाने वाचन घ्यावं, मग दुसऱ्या टोकाकडून उलट दिशेने. दोन्हींत १८० अंशांचा फरक आला नाही तर ती नोंद खोडावी.

एकाच पृष्ठावर ओरखड्यांचे दोन संच दिसले तर कोणता कोणाला कापतो ते आधी पाहावं, कापणारा नंतरचा. दोघांची सरासरी काढली तर हाती येणारी दिशा कधीच न घडलेल्या हालचालीची असते.