एक वंशावळ, दोन संगणक: ताळमेळ का बसत नाही, याची पार्श्वभूमी

वंशावळीच्या सॉफ्टवेअरची एक प्रत डेस्कटॉपवर आणि एक लॅपटॉपवर ठेवली, की प्रश्न फक्त फाइल इकडून तिकडे नेण्याचा आहे असं वाटतं. पहिले दोन-तीन महिने तसंच चालतंही. मग एके दिवशी दोन्हीकडे भर पडलेली असते आणि कुठली प्रत खरी हे सांगता येत नाही. हा घोळ इंटरनेटच्या आधीचा आहे.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या युटाह राज्यातल्या एका चर्चने जेडकॉम ही फाइलरचना आणली. घरोघरच्या संगणकांवर जमवलेली माहिती फ्लॉपीवरून दुसऱ्याकडे, मुख्यतः मध्यवर्ती संग्रहाकडे, धाडता यावी हा हेतू. माहिती एकदा निघाली की पोचली, काम संपलं. तीच माहिती दुरुस्त होऊन परत येईल, तोवर इकडेही बदललेली असेल, हा विचार रचनेच्या पायात नव्हता.

सगळी गुंतागुंत एका गोष्टीत आहे: माणसाची ओळख. जेडकॉम फाइलमध्ये प्रत्येक व्यक्तीला दोन @ खुणांच्या मध्ये एक क्रमांक असतो, समजा आय-१२. मूल कोणाचं, लग्न कोणाशी, हे याच क्रमांकांनी जोडलेलं असतं. पण हा क्रमांक त्या एका फाइलपुरताच खरा. दुसऱ्या संगणकावर फाइल आयात केली की तिथला आय-१२ वेगळाच कोणीतरी असू शकतो. म्हणून बहुतेक सॉफ्टवेअर येणाऱ्या माणसांना सरळ नवे क्रमांक देतात. परिणाम काय होतो ते आमच्या घरात पाहिलंय. आत्याने दिवाळीत पेन ड्राइव्हवरून तिची फाइल माझ्या संगणकावर घेतली आणि पणजोबा दोनदा दिसू लागले, पणजीही दोनदा, त्यांची सात मुलं चौदा झाली. एकेक जोडी समोरासमोर ठेवून एकत्र करण्यात पुढची सुट्टी गेली.

जेडकॉममध्ये ओळखीच्या खुणाच नव्हत्या असं नाही. उलट चार-चार होत्या. एक सॉफ्टवेअरने आपोआप दिलेला नोंदक्रमांक, एक वापरणाऱ्याने स्वतः लिहायचा, एक चर्चच्या मोठ्या संग्रहातला आणि एक नोंदवहीतला कायमचा म्हणवणारा. घरच्या दोन संगणकांचा ताळा घालायला यातला एकही पुरत नाही. मग पॅफ या मोफत सॉफ्टवेअरने, तेही त्याच चर्चचं, स्वतःची पाचवी खूण काढली: प्रत्येक व्यक्तीला जन्मभर पुरेल असा ३६ अक्षरांचा लांबलचक आकडा. ती खूण अधिकृत नव्हती, म्हणून तिच्या आधी अंडरस्कोअर (_ ही खालची रेघ) लावलेला असे. अंडरस्कोअरचा अर्थ, ‘ही माझी खासगी सोय आहे, तुम्ही वाचली नाहीत तरी चालेल.’ काही सॉफ्टवेअरनी ती जपली, काहींनी वाचलीच नाही. फाइल अशा एखाद्या सॉफ्टवेअरमधून एकदा फिरून आली की सगळ्यांच्या ओळखी पुसलेल्या.

ही खूण वेळेत अधिकृत का झाली नाही? रचनेची ५.५.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये ‘मसुदा’ म्हणून बाहेर पडली आणि तब्बल २० वर्षं मसुदाच राहिली. २०१९ मध्ये तिला अंतिम म्हटलं गेलं, तोवर जग तीच वापरत होतं. चर्चच्या बाजूने असं सांगितलं जातं की मधल्या काळात पूर्णपणे नव्या रचनांवर काम चालू होतं, आणि ते खरंही आहे. पण त्या २० वर्षांत प्रत्येक कंपनीने आपापल्या अंडरस्कोअरच्या खुणा वाढवल्या. आज दोन संगणकांवर दोन वेगळी सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला जो त्रास होतो, त्याचं मूळ मला तरी याच दिरंगाईत दिसतं. २०२१ च्या ७.० आवृत्तीत ती खूण अंडरस्कोअर गाळून अधिकृत झाली. छायाचित्रं फाइलसोबत एकाच गठ्ठ्यात बांधण्याची सोयही तेव्हाच आली.

छायाचित्रांचं दुखणं वेगळं. बहुतेक सॉफ्टवेअर फोटो आत घेत नाहीत, फक्त तो कुठे आहे ते लिहून ठेवतात. डेस्कटॉपवर डी ड्राइव्हमध्ये असलेली सातबाऱ्याची प्रत डी ड्राइव्ह नसलेल्या लॅपटॉपला सापडणार कशी?

ड्रॉपबॉक्ससारख्या सेवा २००८ पासून आल्या, तेव्हा लोकांनी डेटा फाइलच त्या फोल्डरमध्ये ठेवायला सुरुवात केली. याला सगळे ‘सिंक’ म्हणू लागले आणि शब्दाचा गोंधळ झाला. ही सेवा फाइलींचा ताळा घालते, माणसांचा नाही. रूट्समॅजिक या वंशावळीच्या सॉफ्टवेअरची फाइल म्हणजे एसक्यूलाइट डेटाबेस, एकाच फाइलीत मावणारा माहितीचा साठा. काम चालू असताना त्याची अर्धी हकिकत शेजारच्या तात्पुरत्या फाइलमध्ये असते. दोन्ही फाइली वेगवेगळ्या वेळी चढल्या तर पलीकडे पोचतो तो मोडका डेटाबेस. ग्रॅम्प्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलेल्या वंशवृक्षावर कुलूप लागतं ते याचसाठी, आणि घाईत ते तोडणारेही आपणच असतो.

खरा सिंक करायचा तर तिसरी गोष्ट लागते. एका प्रतीत एक चुलतभाऊ आहे, दुसरीत नाही. तो इकडे नव्याने घातला, की तिकडे चुकीचा म्हणून काढला? दोन प्रती कितीही ताडून पाहिल्या तरी उत्तर मिळत नाही. त्यासाठी दोन्ही प्रती जिथून फुटल्या ती जुनी प्रत हवी, म्हणजे वंशावळीच्याच भाषेत त्यांचा सामाईक पूर्वज.

फॅमिली ट्री मेकर या सॉफ्टवेअरने २०११ मध्ये घरचा वृक्ष आणि ऑनलाइन वृक्ष जोडून यातली वाट काढली. डिसेंबर २०१५ मध्ये मालकांनी ते सॉफ्टवेअर बंद करत असल्याचं जाहीर केलं, फेब्रुवारी २०१६ मध्ये दुसऱ्या कंपनीने ते उचललं, आणि २०१७ मध्ये जुनी जोडणी जाऊन नवी आली. ग्रॅम्प्सलाही आता स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं वेबरूप आहे. घरची प्रत त्याच्याशी ताडून फरक दाखवणारी जोडही मिळते.

मराठी कुलवृत्तांताचं काम करणाऱ्यांना आणखी दोन अडचणी येतात, त्या या इतिहासात कुणी मोजलेल्या नाहीत. पहिली, तारखेची. जेडकॉमला ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू आणि फ्रेंच क्रांतीची कालगणना कळते. शके कळत नाही. जुन्या वहीतली ‘शके १८२० चैत्र शुद्ध नवमी’ नुसता मजकूर म्हणून पडून राहते आणि जुळणीत धरलीच जात नाही. दुसरी, अक्षराची. ‘कऱ्हाड’ आणि ‘कर्‍हाड’ डोळ्यांना एकच दिसतात, पण पहिल्यात ऱ हे वेगळं अक्षर आहे आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. आत्याचा कीबोर्ड एक लिहितो, माझा दुसरं. संगणकाच्या लेखी ती दोन गावं.

म्हणून आम्ही आता जुन्याच रीतीवर आलोय: एका वेळी एकच प्रत चालू. काम संपलं की बॅकअप घ्यायचा, नावात तारीख टाकायची, पाठवायचा आणि फोन करायचा. दुसऱ्याने तो उघडल्यावरच भर घालायची, तोवर नवी नावं कागदावर. सध्या चालू प्रत आत्याकडे आहे आणि माझ्याकडे वहीत अकरा नावं थांबली आहेत.