फिंच पक्ष्यांतील रंगांची आनुवंशिकता

पाळीव फिंचांच्या पिसाऱ्याचे व चोचीचे रंग आईबापांकडून पिल्लांत कोणत्या नियमांनी उतरतात, हा या नोंदीचा विषय आहे. ‘फिंच’ हे नाव व्यवहारात दोन वेगळ्या कुलांतील पक्ष्यांना दिले जाते. झेब्रा फिंच, गूल्डियन फिंच व बेंगालीज (सोसायटी) फिंच हे एस्ट्रिल्डिडी कुलातले, तर कॅनरी हा फ्रिंजिलिडी कुलातला. कुले वेगळी असली तरी रंगांच्या अनुवंशाची मूलतत्त्वे दोहोंत सारखीच आहेत.

रंगद्रव्ये मुख्यतः दोन. काळ्या, तपकिरी व तांबूस छटा मेलॅनिनच्या असतात. ते पक्ष्याच्या शरीरातच तयार होते. पिवळा आणि लाल रंग कॅरोटिनॉइडांपासून येतो व ती अन्नातूनच मिळवावी लागतात. गूल्डियनचा हिरवा रंग हे स्वतंत्र द्रव्य नव्हे. पिसांच्या सूक्ष्म रचनेतून दिसणारा निळा रंग आणि त्यावरचा पिवळा थर मिळून तो बनतो. म्हणूनच ‘निळा गूल्डियन’ हे निळेपण मिळवणारे नसून पिवळा-लाल रंग गमावणारे उत्परिवर्तन (जनुकातील बदल) ठरते, आणि अशा पक्ष्याचे लाल डोकेही फिक्या बदामी छटेचे होते.

पक्ष्यांत नराकडे दोन झेड लिंगसूत्रे (लिंग ठरवणारी गुणसूत्रे) असतात, मादीकडे एक झेड व एक डब्ल्यू. म्हणजे सस्तन प्राण्यांच्या उलट. झेडवरचे अप्रभावी (प्रभावी जनुकासमोर दडणारे) जनुक नरात दोन्ही प्रतींत असले तरच दिसते, मादीत मात्र एकाच प्रतीने दिसते. त्यामुळे लिंगसंलग्न (झेडवरील जनुकाने ठरणाऱ्या) रंगाच्या बाबतीत मादी कधीच ‘स्प्लिट’ (रंग न दाखवता जनुक वाहणारी) असू शकत नाही. नोंदवहीत स्प्लिट पक्षी तिरप्या रेषेने लिहितात: रेषेआधी दिसणारा रंग, नंतर दडलेला. मादीच्या नावापुढे लिंगसंलग्न रंगाची अशी रेषा आढळली, तर ती वही जपून वाचावी.

पक्ष्यांतील या नियमाचा अगदी आरंभीचा पुरावा कॅनरीच्या दालचिनी रंगाने दिला. फ्लोरेन्स डरहॅम आणि डोरोथिया मॅरियट यांनी १९०८ साली त्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. दालचिनी नर व हिरवी मादी यांच्या सर्व मुली दालचिनी निघतात, उलट जोडी लावल्यास एकही निघत नाही, हे पक्षिपालकांना त्याआधीच अनुभवाने ठाऊक होते. कारण मात्र ठाऊक नव्हते. झेब्रा फिंचमधील फॉन (फिकट तपकिरी) हा रंगही अगदी याच वाटेने जातो. फॉन नर व करडी मादी यांच्या मुली फॉन आणि मुलगे करडे/फॉन होतात, म्हणजे पिल्लाचा रंग पाहूनच त्याचे लिंग सांगता येते.

गूल्डियन फिंचच्या डोक्याचा रंग हा या विषयातील सर्वाधिक चर्चिला गेलेला भाग आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातील या पक्ष्यात लाल, काळी व पिवळी डोकी एकाच थव्यात आढळतात. निसर्गात काळी डोकी सर्वांत जास्त, साधारण ७०%, आणि पिवळी अत्यंत विरळ. या तिघांना आरंभी वेगळ्या जाती मानले गेले. पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४४ मध्ये दिवंगत पत्नी एलिझाबेथ यांच्या स्मरणार्थ गूल्डी हे नाव दिले. त्याच दशकात लाल डोक्याच्या पक्ष्याला मिराबिलिस हे नाव मिळाले, आणि पिवळ्या डोक्याच्या पक्ष्याला रॅम्से यांनी १८७७ मध्ये आर्मिटिआना म्हटले. काळे डोके म्हणजे अपक्व पक्षी, असेही एक मत होते. ते आता कोणी मानत नाही. ही एकाच जातीची रूपे असल्याचे आनुवंशिकीच्या अंगाने एच. एन. सदर्न यांनी १९४५ च्या लेखात मांडले व तेच मत स्थिरावले.

त्यानुसार लाल-काळ्याचा निर्णय झेडवरील एका स्थानी होतो आणि तेथे लाल प्रभावी असतो. काळ्या डोक्याचा नर व लाल डोक्याची मादी यांचे सर्व मुलगे लाल (काळ्यासाठी स्प्लिट) आणि सर्व मुली काळ्या होतात. लाल-काळा स्प्लिट नर काळ्या मादीला लावला, तर मुलगे व मुली दोन्हींत निम्मे लाल, निम्मे काळे अपेक्षित असतात. २०१८ व २०१९ मधील दोन स्वतंत्र अभ्यासांनी हे स्थान फॉलिस्टॅटिन जनुकाजवळच्या नियामक भागात असल्याचे दाखवले. बदल प्रथिनात नसून जनुक कोठे व किती चालावे, यात आहे.

पिवळ्या डोक्याचे जनुक याहून निराळे. ते लिंगसूत्रावर नाही व अप्रभावी आहे. ते नवा रंग निर्माण करत नाही, लाल डोक्याला पिवळे करते. डोके मुळातच काळे असेल तर त्याला पालटायला काही उरत नाही; फक्त चोचीचे टोक लाल न होता पिवळे राहते. अनुभवी पालक काळ्या डोक्याचा पक्षी निवडताना आधी चोच पाहतो, ते यासाठीच.

छातीच्या रंगात जांभळा सर्वांवर प्रभावी, लायलॅक (फिकट जांभळा) त्याखाली आणि पांढरा तळाशी, अशी तीन विकल्पींची (एकाच जनुकाच्या पर्यायी रूपांची) उतरंड आहे. पिवळ्या पाठीचे उत्परिवर्तन मात्र झेडवरील असून अपूर्ण प्रभावी आहे. जांभळ्या छातीच्या नरात एक प्रत असल्यास पाठ फिकट हिरवी दिसते, दोन प्रती असल्यास पिवळी. पांढऱ्या छातीच्या नरात मात्र एका प्रतीनेही पक्षी पिवळा दिसतो. मादीकडे झेड एकच, म्हणून ती हिरवी तरी असते किंवा पिवळी तरी. या मालिकेतली फिकट हिरवी मादी मिळत नाही.

झेब्रा फिंचमध्ये रंगप्रकारांची संख्या मोठी आहे व नावे देशोदेशी बदलतात. पांढरा प्रकार ऑस्ट्रेलियात १९२० च्या दशकाच्या आरंभी आढळल्याचे सांगितले जाते. पांढरा, कबरा, पेंग्विन, काळ्या छातीचा व नारिंगी छातीचा हे अप्रभावी असून लिंगसंलग्न नाहीत. प्रभावी चंदेरी एका प्रतीनेच दिसतो आणि फॉनशी जुळल्यास ‘क्रीम’ होतो. चेस्टनट फ्लँक्ड व्हाइट (तांबूस कुशीचा पांढरा) व लाइटबॅक (फिकट पाठीचा) हे झेडवरील एकाच स्थानाचे विकल्पी, त्यांत लाइटबॅक वरचढ. फॉनचे स्थान त्याच सूत्रावर पण वेगळे आहे. म्हणून फॉन नर व चेस्टनट फ्लँक्ड व्हाइट मादी यांचे मुलगे करडे निघतात; दोन्ही जनुके दोन वेगळ्या झेडवर दडलेली असतात. ती एका झेडवर आणण्यास त्या मुलग्याच्या शुक्रपेशीत जनुकविनिमय (दोन झेडांमध्ये तुकड्यांची अदलाबदल) व्हावा लागतो. अपेक्षित पिल्लू पहिल्याच विणीत मिळाले नाही म्हणून जोडी मोडण्याची घाई येथे नडते.

शेंडीवाल्या पक्ष्यांबाबत मतभेद आहेत. शेंडी प्रभावी असून दोन प्रती गर्भाला मारक ठरतात, म्हणून शेंडीवाला पक्षी साध्याला लावावा, हा जुना दंडक. कॅनरीच्या बाबतीत पिल्ले खरोखर चतुर्थांशाने घटतात का, यावर शंका घेतली गेली आहे. दंडक पाळण्यात तोटा नाही. शेंडीवाली पिल्ले तशीही निम्मी मिळतातच. कॅनरीतील प्रभावी पांढऱ्याच्या दोन प्रती मारक असल्याचे मत अधिक पक्के मानले जाते. अप्रभावी पांढरा कॅनरी ही वेगळीच बाब. त्याचे कारण एससीएआरबी१ या जनुकातील दोष असल्याचे २०१७ मध्ये दिसून आले. या दोषामुळे कॅरोटिनॉइडे शोषली जात नाहीत व पक्ष्याला जीवनसत्त्व अ वेगळे द्यावे लागते.

लाल कॅनरी हा संकराचा परिपाक. जर्मनीतील हान्स डुंकर यांनी १९२० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतील लाल सिस्किन या कॅनरीच्याच कुलातील पक्ष्याशी कॅनरीचा संकर करून पुढील पिढ्या पुन्हा कॅनरीला जोडल्या. संकरित माद्या बहुधा वांझ निघतात, पुष्कळ नर जननक्षम असतात. असमान लिंगसूत्रांचे लिंग संकरात आधी बाधित होते, हा १९२२ चा हॉल्डेनचा नियम येथे लागू पडतो. सिस्किनकडून आलेले निर्णायक जनुक सीवायपी२जे१९ असल्याचे २०१६ मध्ये स्पष्ट झाले. ते पिवळ्या कॅरोटिनॉइडांचे लाल द्रव्यात रूपांतर करते. झेब्रा फिंचमध्ये हेच जनुक बिघडले की लाल चोच पिवळी होते. अर्थात जनुक असूनही अन्नात कॅरोटिनॉइडे कमी पडली, तर कॅनरी फिका नारिंगीच राहतो.

बेंगालीज फिंचचा बंगालशी संबंध नाही. चीनमधून जपानात नेलेल्या पांढऱ्या कमरेच्या मुनियापासून तो सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी पैदा झाला, असे सामान्यतः मानतात. त्यात इतर मुनियांचे रक्त मिसळले असावे, असा तर्क पूर्वी केला गेला. एकाच पूर्वजाचे मत अधिक ग्राह्य वाटते. चॉकलेटी रंगापुढे फॉन अप्रभावी आहे आणि येथे तो लिंगसंलग्न नाही, हे झेब्रा फिंचच्या सवयीने चालणाऱ्याने ध्यानात ठेवावे. कबऱ्या पक्ष्यांच्या पांढऱ्या डागांची व्याप्ती एका जनुकाने ठरत नाही. सारख्या दिसणाऱ्या जोडीचीही पिल्ले एकमेकांशी जुळत नाहीत.