आगोट (परसातील)

आगोट : उन्हाळा सरत आला आणि पाऊस अजून दाराशी पोचलेला नाही, अशा दिवसांना कोकणात आगोट म्हणतात. मेचा दुसरा पंधरवडा ते मृग नक्षत्र एवढा हा काळ. त्या काळात उरकायच्या कामांनाही हाच शब्द लागतो. आगोटीचे सामान म्हणजे चार महिन्यांची मीठ-मिरची, सुकी मासळी, लाकूडफाटा. मच्छीमारांची आगोट म्हणजे होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारण्याचे दिवस. या नोंदीत घरामागच्या परसात या दिवसांत काय काय घडते तेवढेच पाहिले आहे.

बागेचे वर्ष पहिल्या पावसाने सुरू होते, हा समज कोकणातल्या परसाला लागू पडत नाही. तिथे एकाच पंधरवड्यात एकीकडे झाडांवरची फळे उतरवायची असतात आणि दुसरीकडे बी टोचायचे असते. दोन्हींची मुदत एकच, आणि ती आभाळ ठरवते. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते, मृग ७ किंवा ८ जूनला. मोसमी पाऊस तळकोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि मुंबईत ११ जूनच्या सुमारास येतो, असे हवामान खात्याचे वेळापत्रक सांगते. २०२५ साली मात्र तो २५ मेला देवगडपर्यंत आणि २६ मेला मुंबईत पोचला. असे वर्ष आले की निम्मी सुकवणी उचलून पडवीत आणावी लागते.

घाईचे पहिले फळ रातांबा, म्हणजे कोकमाचे फळ. पिकलेला रातांबा दोन बोटांनी दाबून उघडतात, आतला गर बियांसकट मीठ घातलेल्या भांड्यात सोडतात आणि साली उन्हात पसरतात. भांड्यात रस सुटतो. सुकलेल्या साली त्या रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. याला पुट देणे म्हणतात. चार-पाच पुटे झाली की साल काळपट, लवचिक आणि खारट-आंबट होते. हेच आमसूल, मालवणीत सोल. शेवटी उरलेला खारवलेला रस म्हणजे आगळ. सोलकढीला तो वर्षभर पुरतो. बियाही फुकट जात नाहीत, त्यांचे कोकमतेल थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतात. या सगळ्याला कडक ऊन हवे, आणि रातांबे पिकतात नेमके ऊन संपत आल्यावर. झाडावर उरलेले फळ पावसात सापडले की कामातून गेले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘कोकण अमृता’ या जातीचे मोल यातच आहे. तिची फळे लवकर तयार होतात आणि पावसाआधी हाती लागतात.

आंब्याची गोष्ट जरा वेगळी. हापूस मेअखेर संपत येतो, रायवळ अजून झाडावर असतो. वळवाची सर पडून गेली की बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या आंब्यातही अळी निघू लागते. आजीच्या पिढीला वाटे की पावसाचे पाणी आंब्यात शिरून अळी होते. खरे कारण फळमाशी. मादी पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळी गरावर वाढते आणि गळलेल्या फळातून बाहेर पडून मातीत कोषात जाते. म्हणून झाडाखालचे सडके आंबे रोज उचलून खोल पुरणे हा परसापुरता तरी सर्वांत चांगला उपाय. दापोलीचाच ‘रक्षक सापळा’ पुष्कळ बागांत टांगलेला दिसतो. त्यातल्या गंधाला नर भुलतात आणि अडकतात.

फणसाचे एवढे लाड नसतात. बरक्याच्या, म्हणजे मऊ गऱ्यांच्या फणसाच्या, रसाची साठे (पोळ्या) उन्हात पडतात; कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांचा, घरात येईल त्याच्या हाती जातो. आठळ्या (फणसाच्या बिया) तांबड्या मातीत घोळवून ठेवतात. भर पावसात भाजी मिळेनाशी झाली की त्या निघतात.

पेरणीचा आरंभ खरे तर अक्षय्य तृतीयेलाच होतो. त्या दिवशी आळी करून वेलांचे बी लावले की वेल भरभरून धरतो, अशी श्रद्धा आहे. मुहूर्ताचा भाग सोडला तरी हिशेब चोख आहे. आळ्यात शेणखत आणि पातेरा (वाळका पाला) मुरायला वेळ मिळतो, आणि तांब्या-तांब्याने पाणी घालून जगवलेला कोंब पावसाला सामोरा जाईपर्यंत मुळे धरून बसतो. तवसे (मोठी काकडी), पडवळ, दोडके, कारले, भोपळा यांचे बी मागच्या वर्षीच्या फळातून राखलेले असते. दोडका तर वेलावरच वाळवून अख्खाच चुलीवरच्या धुरात टांगतात. लावताना तो हलवून बघायचा, आत खुळखुळला तर बी शाबूत. हळदीचे कांदे मेअखेर मातीत गेले की नागपंचमीच्या पातोळ्यांना पाने मिळतात. तवसे गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवरच्या लाकडी चौकटीला, टांगायला हवे असते. म्हणजे सणांच्या तारखा मागे मोजत परसातली लावणी ठरते.

लावणारे कोणी नसताना उगवणारेही बरेच असते. मागच्या वर्षीचे अळू आणि सुरण नुसत्या दमट हवेने डोके वर काढतात. भुईचाफा सगळ्यांत नाट्यमय. वर्षातला बराच काळ तिथे काही आहे याची खूणही नसते. मग एका सकाळी कोरड्या मातीला चीर पडते आणि पान नाही, देठ नाही, अशी पांढरी-जांभळी फुले थेट जमिनीतून उमलतात. पाने मागाहून येतात. लाल चेंडूसारखे मेफ्लॉवर तसेच येते, पण ते मूळचे आफ्रिकेतले आणि परसात पाहुणे. मोगऱ्याचा बहर आता ओसरू लागतो, अनंताचा सुरू होतो.

पाण्याचा मात्र हा सर्वांत कठीण काळ. विहिरीने तळ गाठलेला असतो, म्हणून गाळही याच दिवसांत उपसतात. पोफळीला (सुपारीच्या झाडाला) शिंपणे चुकवून चालत नाही. रोजचे जमले नाही तर दिवसाआड करून झाडे तगवायची. कुंपणाची वई बांधून घेणे, गडग्याचे (दगडी बांधाचे) ढासळलेले चिरे परत रचणे, खळ्यावरचा (अंगणातला) झापांचा मांडव उतरवणे ही कामे त्याच हातांनी, त्याच आठवड्यात होतात.

पहिल्या सरीनंतर संध्याकाळी दिव्याभोवती वाळवीचे पंखवाले किडे लोटतात आणि सकाळी ओटीवर नुसत्या पंखांचा सडा असतो. हुमणीचे भुंगेरेही याच सुमारास जमिनीतून निघतात आणि रात्री झाडांची पाने खातात. खरे नुकसान त्यांच्या अळ्या नंतर मुळांवर करतात, त्यामुळे भुंगेरे दिसताच वेचून मारावेत. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणत असतो. पालापाचोळ्यात टुणटुणणारा नवरंग पक्षी विणीसाठी कोकणात येतो तो याच दिवसांत; दिसण्याआधी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते.

आगोट नेहमी शहाण्यासारखी वागत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले आणि नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याला समांतर गेले आणि झाडावरचा आंबा झोडपून काढला. वेलाचे बी पुन्हा टोचता येते. पोफळीला मात्र लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात.

मृगाने जमीन नीट भिजवली की शिंपणे थांबते. घरातली माणसे भाताच्या तरव्याकडे (रोपांकडे) वळतात आणि परस आपल्या भरवशावर राहते. त्याच्याकडे पुन्हा नीट लक्ष जाते ते भातलावणी उरकल्यावर. तोवर तवशाचा वेल मांडवावर चढलेला असतो.