ब्रेकचा हिशेब: खोल जमिनीतला किरणोत्सारी कचरा आणि पिंजऱ्याचा धोका

निपाणीजवळच्या एका रानात विहीर काढताना पाहिलं होतं. यारीवाल्याने सकाळी पहिली बादली रिकामीच सोडली, दोर बोटांनी चाचपला, ब्रेक दोनदा दाबून बघितला आणि मगच माणसं आत उतरू दिली. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत 655 मीटर खोल मिठाच्या थरात किरणोत्सारी कचरा उतरवतात. तिथला जुना वादही ब्रेकचाच: कचरा उतरवणारा पिंजरा, म्हणजे खाणीची लिफ्ट, ब्रेक निकामी होऊन कोसळू शकतो का, हा.

1834 साली जर्मनीच्या हार्त्स डोंगरातल्या खाणीत तारेचा दोर आला, तेव्हापासून दोराची धास्ती कमी होत गेली. ब्रेकची राहिली. 30 जुलै 1973 रोजी इंग्लंडमधल्या मार्कहॅम कोळसा खाणीत 29 कामगार पिंजऱ्यातून उतरत होते. ब्रेकचा सगळा भार ज्या एका रॉडवर होता, तोच थकून तुटला. 18 जण गेले.

न्यू मेक्सिकोत पहिला कचरा पोचला मार्च 1999 मध्ये. वाद त्याच्या कितीतरी आधीचा. खरा गुंता एका शब्दाचा आहे: 'न घडणारा' अपघात. वर्षाला दहा लाखांत एकाहून कमी शक्यता निघाली, की अपघात या सदरात टाकायचा आणि पुढे त्याचे परिणाम मोजत बसायचं नाही, अशी तिथली रीत. पण ही शक्यता काढतात कशी? पिंजरा सहा दोरांवर असतो, म्हणून दोराची फारशी चिंता नाही. ब्रेक मात्र स्प्रिंगने आवळतो आणि तेलाच्या दाबाने सुटतो. तेल परत टाकीत गेलं नाही, तर ब्रेक उघडाच राहतो. तेल परत सोडणारी एक झडप अडकण्याची शक्यता हजारात एक धरली आणि जोडीला दुसरी बसवली, तर कागदावर गुणाकार होऊन दहा लाखांत एक येते. दोन्ही झडपांतून एकच गढूळ तेल फिरत असेल, तर हा गुणाकार चालत नाही. दोन्ही एकदमच अडकू शकतात. स्वतंत्र तपासनिसांनी ब्रेकचा हिशेब पुन्हा मांडायला घेतला, हे मला त्या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं. 'न घडणारा' हा शिक्का यंत्रावर नसतो, आपल्या गृहीतकांवर असतो.

आपल्याकडे हा विषय आला कर्नाटकातल्या कोलारमुळे. तिथल्या सोन्याच्या खाणीत 1000 मीटर खोलीवर, अणुकचऱ्याच्या उष्णतेने खडकाचं काय होतं हे कळावं म्हणून, खडक तापवून पाहण्याचे प्रयोग पूर्वीच झाले होते. खाण 2001 मध्ये बंद पडली. 2012 मध्ये तिथे अणुकचरा ठेवण्याची गोष्ट सर्वोच्च न्यायालयात निघाली, कर्नाटकात आंदोलनं झाली आणि सरकारी बाजूने खुलासा आला की तसं काही नाही. त्या दिवसांत बेळगाव-खानापूरकडेही बोलणं व्हायचं ते किरणांचं आणि पाण्याचं. शेजारच्या जिल्ह्यात कैगाचं अणुवीज केंद्र असल्यामुळे ते साहजिकच होतं. पिंजऱ्याबद्दल मात्र कुणी विचारलं नाही. मे 2024 मध्ये राजस्थानातल्या कोलिहान तांब्याच्या खाणीत लिफ्ट कोसळली, 15 जण अडकले, 14 वाचले, एक दगावला. ती लिफ्ट माणसांची होती. कचऱ्याच्या पिंपांसाठी अशी खोल जागा भारतात अजून बांधलेली नाही.