हॅलोविनच्या मेजाला नारिंगी-काळा रंग कुठून मिळाला

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ३१ ऑक्टोबरच्या रात्री मांडलेल्या जेवणाच्या मेजावर पांढरे किंवा राखाडी-निळे भोपळे, जांभळी फुले आणि गडद हिरव्या मेणबत्त्या दिसल्या, की सणाची परंपरा सोडली असे अनेकांना वाटते. परंतु ज्या नारिंगी-काळ्या जोडीला परंपरा म्हटले जाते, ती या सणाच्या वयाच्या मानाने फारच अलीकडची आहे, आणि ती घरोघरी पोहोचवण्यात कागदाच्या कारखान्यांचा वाटा मोठा आहे.

आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील केल्टिक लोक सुगी संपून हिवाळा लागताना जो सण पाळत, त्याच सुमारास पुढे चर्चचा सर्व संतांचा दिवस, म्हणजे १ नोव्हेंबर, आला. त्याची पूर्वसंध्या म्हणजे हॅलोविन. त्याला लागूनच २ नोव्हेंबरला मृतात्म्यांचा दिवस येतो, जो गोव्यातील कॅथलिक कुटुंबे दफनभूमीत मेणबत्त्या लावून आजही पाळतात. या दिवशी धर्मगुरूंनी काळी वस्त्रे घालण्याची जुनी रीत होती आणि आता जांभळीही चालतात. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्येही कडक सुतकाचा काळ संपल्यावर स्त्रिया राखाडी आणि फिकट जांभळ्या रंगांकडे वळत. मृत्यूच्या स्मरणाशी काळ्याइतकेच हे रंगही जोडलेले होते, ही गोष्ट आजचे जांभळे मेज पाहताना लक्षात ठेवावी.

जेवणाच्या जागी मात्र त्या काळी रंग ठरवून कोणी काही मांडत नसे. डॅनियल मॅक्लिस या आयरिश चित्रकाराने १८३३ मध्ये हॅलोविनच्या एका घरगुती मेळाव्याचे मोठे चित्र प्रदर्शित केले. त्यात टांगलेली सफरचंदे तोंडाने पकडण्याचा खेळ रंगलेला दिसतो. सफरचंदे, भाजायची कठीण कवचाची फळे, कोबी, सलगम असे जे शेतातून आणि परसातून येई, तेच खाणे, तोच खेळ आणि तीच सजावट. कंदीलही सलगम कोरूनच होत. १८४५ ते १८५२ च्या भीषण दुष्काळात लाखो आयरिश लोक देश सोडून गेले, त्यांतील मोठा भाग अमेरिकेत उतरला, आणि तिथे सलगमाहून कितीतरी मोठा, कोरायला सोपा असा लाल भोपळा कंदिलासाठी रुळला. नारिंगी रंग या सणात ठळक झाला तो या भोपळ्यामुळे.

तरीही शेतातला एक रंग आणि ठरवून मांडलेली रंगसंगती यांत अंतर आहे, आणि ते अंतर कापले क्रेप कागदाने. १८४४ मध्ये दागिन्यांच्या डब्या बनवण्यापासून सुरू झालेल्या डेनिसन या अमेरिकी कंपनीने १९०९ मध्ये हॅलोविनच्या सजावटीची एक पुस्तिका काढली आणि १९१२ पासून अशा पुस्तिका जवळजवळ दरवर्षी काढल्या. मेज कसे झाकावे, त्यावर कागदाच्या झालरी कशा सोडाव्यात, पाहुण्यांची नावे लिहायची कार्डे कशी करावीत, हे त्यांत शिकवलेले असे, आणि त्यासाठी लागणारा कागद अर्थातच कंपनीचाच असे. सुरकुत्यांचा हा कागद ताणता येतो, त्याला हवा तसा फुगवटा देता येतो, आणि तो स्वस्त असल्यामुळे सामान्य घरातील गृहिणीलाही एका संध्याकाळीपुरते आपले मेज पालटून टाकता येत असे. पेनसिल्व्हेनियातील बीस्टल कंपनीने मधमाश्यांच्या पोळ्यासारखे उलगडणारे पातळ कागदी भोपळे बाजारात आणले. नारिंगी पार्श्वभूमीवर काळी मांजर हे दृश्य या छापील मालातूनच डोळ्यांत बसले. मात्र त्याच मालात निळे-जांभळे आकाश, पिवळा चंद्र आणि हिरवे डोळेही असत, हे आज सहसा विसरले जाते.

१९५८ मध्ये तत्कालीन अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मॅमी आयझेनहॉवर यांनी व्हाइट हाउसमधील कर्मचाऱ्यांच्या पत्नींसाठी हॅलोविनचे भोजन ठेवले, तेव्हा शासकीय मेजवान्यांच्या दालनात सांगाडे टांगले गेले आणि मक्याची वाळलेली धाटे व भोपळे मांडले गेले. तोवर ही सजावट प्रतिष्ठित घरातही शोभू लागली होती.

रंगांची चौकट सैल झाली ती पुन्हा भोपळ्यामुळेच. १९९० च्या दशकात घरसजावट आणि पाककलेवर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका मार्था स्टुअर्ट यांच्या मासिकाने हा सण मोठ्यांच्या नीटस मेजवानीचा विषय केला. पांढऱ्या सालीचा ल्युमिना, ऑस्ट्रेलियातला राखाडी-निळा जाराडेल, फ्रान्समधला चपटा, तांबडा भोपळा, असे वाण हळूहळू सजावटीसाठी मागितले जाऊ लागले. मेक्सिकोच्या मृतांच्या दिवसातील कातरलेल्या कागदांचा गडद गुलाबी रंगही अनेक मेजांवर आला. २०१४ पासून दारात निळसर-हिरवा भोपळा ठेवण्याची मोहीम अमेरिकाभर पसरली. खाद्यपदार्थांची ॲलर्जी असलेल्या मुलांना इथे खाऊऐवजी खेळणी किंवा वस्तू मिळतील, अशी ती खूण आहे. वेगळ्या रंगाला इतका कोमल अर्थ क्वचितच मिळतो, म्हणून या भोपळ्याला मेजावरही जागा असावी असे मला मनापासून वाटते.

मेणबत्तीच्या पिवळसर उजेडात निळा आणि जांभळा रंग मंदावतात, पांढरा मात्र खुलतो. त्यामुळे अशा मेजावर फिकट भोपळे मध्यभागी आणि गडद रंग कापडाला, हीच मांडणी उठून दिसते. ल्युमिना किंवा जाराडेल कोरला, तर सालीखालचा गर नारिंगीच निघतो आणि आत दिवा ठेवल्यावर कोरलेल्या डोळ्यांच्या कडा त्याच रंगाने उजळतात.